कंट्रोलरचाचांची जादा गाडी

समोर आलेल्या माणसाचं तोंड बघण्याआधी कंट्रोलरचाचा त्याचे पाय बघत. भिवंडी डेपोतल्या खिडकीमागच्या खुर्चीतून बाहेर उभ्या माणसाचे पाय दिसत नसत, म्हणून ते टेबलावर दोन्ही हात टेकून अर्धे उठत आणि खिडकीतून खाली वाकत. चपलेवर धूळ दिसली की त्या माणसाला गाडीची वेळ, फलाट, ड्रायव्हर कोण आहे आणि गाडी किती मिनिटं उशिरा आहे, सगळं सांगत. बूट चकचकीत असले की परत खाली बसत, रजिस्टरात डोकं घालत आणि म्हणत, "चौकशीची खिडकी बाजूला हाय." बाजूची खिडकी मी पाहते आहे तेव्हापासून बंदच होती.

"भिवंडीत ज्याचे बूट साफ, तो एक तर आजच आला, नायतर गाडीतून खाली उतरलाच नाय," असं त्यांचं म्हणणं. "दोघांना सांगून काय फायदा?"

त्यांचं कागदोपत्री पद वाहतूक नियंत्रक. कुठली गाडी कधी सुटणार, कुठली रद्द होणार, कुणावर कोणाची ड्युटी, हे त्यांच्या पेनातून ठरायचं. राहायला निजामपुऱ्यात. घर जुन्या कोकणी मुसलमानांचं. भावांचे कापड विणायचे लूम, चुलत्यांचे लूम. "घरात सगळे मालक, मी एकटा नोकर. म्हणून तर मला झोप लागते," असं ते सांगत. रागावले की हिंदीत जात आणि फारच रागावले की परत मराठीत येत. एखाद्याला तुच्छ लेखायला मराठीच बरी पडते, असं त्यांचं मत होतं.

ती तुच्छता सगळ्यांना वाटताना त्यांनी कधी पक्षपात केला नाही. डेपोचा माइक त्यांच्या हातात असे आणि इतर ठिकाणी गाड्यांची घोषणा होते तिथे आमच्याकडे माणसांची व्हायची. "वाड्याच्या गाडीपुढं फोटो काढणाऱ्या नवरदेवांनी बाजूला व्हावं. गाडीला घाई हाय, नवरी कुठं पळून जात नाय." किंवा, "कल्याणच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, रुमालाला तिकीट मिळत नाय." सगळा डेपो हसे. ज्याचा रुमाल असे तो सोडून.

पण खरी चीड राखून ठेवली होती ती रस्ते आणि गाड्या ठरवणाऱ्या लोकांसाठी. त्यांना ते 'नकाशेवाले' म्हणत. भिवंडीच्या चहूबाजूंनी गोदामं वाढली, त्यांच्या मागोमाग वीस-वीस मजल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. डेपोच्या भिंतीला लागूनच एका वसाहतीची जाहिरात लागली, 'शहरापासून फक्त वीस मिनिटं.' चाचा तिच्याकडे बोट दाखवून नव्या कंडक्टरांना विचारत, "वीस मिनिटात कोण जातो रे तिथं? घार?" नवा उड्डाणपूल खुला झाला तेव्हा सगळे बघायला गेले, चाचा गेले नाहीत. "बघायचं काय? इथली गर्दी उचलली, पुढच्या नाक्यावर ठेवली. आमच्या गल्लीत कचरापण असाच साफ होतो."

माझी त्यांची ओळख सकाळी सहा दहाच्या गाडीमुळे. ती वज्रेश्वरीहून निघून भिवंडीला येई आणि वाटेत मुख्य रस्ता सोडून आमच्या फाट्यावरून अडीच किलोमीटर आत येऊन पाड्यातल्या पिंपळापाशी वळून परत जाई. लूमवर कांडी भरायला, म्हणजे कांडीवर सूत गुंडाळायला जाणाऱ्या बाया, गोदामात पॅकिंग करणाऱ्या मुली, पहिल्या शिफ्टचे पुरुष आणि कॉलेजला जाणारी मी, असे आम्ही पिंपळाखाली उभे असायचो. आमच्या पाड्यातली मी पहिली पदवीधर. आईवडिलांचे आणि शिक्षकांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या पदवीत त्या गाडीचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. शिक्षक शिकवायला तयारच होते, त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं हा प्रश्न होता.

परतीची गाडी साडेपाचची. भूगोलाचं प्रॅक्टिकल लांबलं की मी धावत डेपोत येई, तर पावणेसहा झालेले असत आणि गाडी फलाटावरच उभी असे. ड्रायव्हर वैतागलेला, हातात चहाचा ग्लास. तिसऱ्या वेळी मला कळलं की तो चहा चाचांनी पाजलेला असतो. ड्रायव्हर कुरकुरला तेव्हा ते म्हणाले होते, "तुला मुलगी हाय ना? मग पी गुपचूप." मी आभार मानायला खिडकीशी गेले तर वाकून माझ्या चपला बघितल्या आणि म्हणाले, "तुझ्यासाठी नाय थांबवली. रेडिएटर तापला होता." गाडी सकाळपासून डेपोत उभी होती.

मी बी.ए. झाले तेव्हा पेढे घेऊन गेले.

"कशात झालीस?"

"भूगोलात, चाचा."

"म्हणजे भिवंडी कुठं हाय ते आता तुला कळलं." दोन पेढे खाल्ले आणि तिसरा ड्रायव्हरला दिला. "खा, ग्रॅज्युएटचा हाय. उद्यापासून ही आपल्याला शिकवणार."

त्यांचं बोलणं इतक्या लवकर खरं होईल असं मला वाटलं नव्हतं. ठाण्याच्या एका काचेच्या इमारतीत असलेल्या सल्लागार कंपनीत मला नोकरी लागली. वाढत्या उपनगरांसाठी सगळ्या पट्ट्याचा वाहतूक आराखडा त्यांना करायचा होता: कुठे बस हवी, कुठे रस्ता रुंद हवा, कुठली फेरी बंद करावी. मला मोजणीचं काम होतं. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, पायात वडिलांनी भिवंडीच्या बाजारातून आणलेले नवे बूट. इतका अभिमान मला पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता.

आमचे प्रकल्पप्रमुख, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, फार शांत आणि सुगंधी गृहस्थ होते. भिवंडीला ते तीनदा आले आणि तिन्ही वेळा गाडीची काच खाली केली नाही. त्यांच्या भिंतीवर मोठा रंगीत नकाशा होता. नव्या वसाहती केशरी, गोदामं जांभळी, आणि आमचा पाडा हिरवा. हिरवं म्हणजे मोकळी जागा. मी भीत भीत म्हटलं, "सर, इथे चाळीस घरं आहेत." ते हसून म्हणाले, "नकाशाच्या त्या प्रमाणात ती दिसत नाहीत." मला ते पटलं, याची आज लाज वाटते. एवढा शिकलेला माणूस सांगतो म्हणजे आमची घरंच लहान असतील, असं मला वाटलं.

डेपोतून फेऱ्यांचं वेळापत्रक घ्यायला मी नव्या बुटांत गेले. चाचा अर्धे उठले, खाली वाकले आणि बसले.

"चौकशीची खिडकी बाजूला हाय."

"चाचा, मी आहे."

"दिसतंय. कुठं राहतेस आता?"

"पाड्यातच. पण नकाशात तो हिरवा दाखवलाय," मी हसत सांगितलं.

"हिरव्यात राहतेस? मग गवत खातेस काय?" वेळापत्रक मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरून दिलं.

मग मोजणीचा दिवस आला. नियम असा होता की मोजणी 'सर्वसाधारण कामाच्या दिवशी' व्हावी. सोमवारी गर्दी जास्त असते म्हणून तो नको, शनिवार-रविवार सुट्टीचे म्हणून ते नकोत. साहेबांनी कॅलेंडर पाहून शुक्रवार नेमला.

आता भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी नारपोलीच्या लूमगल्ल्यांत स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येतो. कांडीवाल्या बाया घरी असतात, पहिली शिफ्ट नसते, आणि आमची सहा दहाची गाडी पिंपळाखालून निम्म्याहून जास्त रिकामी निघते. मी त्या गाडीने पाच वर्षं गेले होते. शनिवार ते गुरुवार तिच्यात मी क्वचितच बसले असेन. दांडीला धरून उभ्यानेच मी ग्रॅज्युएट झाले. हे सगळं माहीत असूनही मी साहेबांना काही बोलले नाही. मला वाटलं, त्यांनी याचा विचार केलाच असेल. शास्त्रात काहीतरी असेल. ज्यांनी मला नोकरी दिली त्यांना मी वार शिकवायचा का? आणि त्या सकाळी मी इमानदारीने गाडीत बसले आणि इमानदारीने आकडा भरला: प्रवासी चौदा.

दुपारी डेपोत परतीच्या गाड्या मोजत उभी होते. चाचा नमाज पढून परत आले, डोक्यावर अजून टोपी होती. माझ्या हातातला टॅब बघितला.

"काय चाललंय?"

"मोजणी, चाचा. आराखड्यासाठी."

"आज वार कुठला?"

मी टॅबकडे बघितलं.

"तोंडानं बोल, ग्रॅज्युएट."

"शुक्रवार."

ते हिंदीत गेलेच नाहीत, सरळ मराठीत राहिले. "त्या नकाशेवाल्याला माहीत नाय, तो अडाणी हाय, त्याला माफ. तुला माहीत हाय. तू अडाणी नाय, तू भित्री हायस. जा, मोज. कावळे राहिले असतील तर ते पण मोज." आणि माइकवर जाऊन त्यांनी वज्रेश्वरीची गाडी लागल्याचं इतक्या सभ्य शब्दांत सांगितलं की लोक दचकून बघायला लागले.

काही महिन्यांनी अहवालाचा मसुदा आला. पान उलटलं आणि माझ्या चौदा माणसांची एक ओळ झालेली दिसली: 'पाडा वळसा, मागणी अत्यल्प, फेरी बंद करून वाचलेली गाडी नव्या वसाहतींच्या जोडसेवेला द्यावी.' हरकती घ्यायला महिनाभराची मुदत होती, पण तेवढा धीर कोणाला? वरून पत्र आलं आणि प्रायोगिक तत्त्वावर एक तारखेपासून सहा दहाची गाडी बंद झाली.

माझी धाकटी बहीण रंजना तेव्हा बारावीत होती. गाडी नाही म्हणजे अंधारात अडीच किलोमीटर रान तुडवून हमरस्ता गाठायचा आणि तिथे मिळेल त्या टेम्पोला हात करायचा. वडील वाईट माणूस नाहीत, पण त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: "गाडी न्हाय तर कालेज न्हाय." रंजना त्यांना नाही, मला म्हणाली, "ताई, तूच मोजलंस ना?"

मी चाचांकडे गेले. काय सांगायचं हे ठरवलं नव्हतं. खिडकीशी उभी राहिले आणि रडायला लागले.

"रडायची खिडकी बाजूला हाय," ते म्हणाले. मग पेन उचललं. "हरकतीची मुदत किती हाय? महिन्याची? माझ्या रिटायरमेंटला दोन महिने हायत. बरं हाय. ऐक. वेळापत्रकातली गाडी त्यांनी काढली. जादा गाडी सोडायचा अधिकार माझा हाय, तो नाय काढला. विसरले. नकाशेवाले ना."

दुसऱ्या दिवशी सहा दहाला पिंपळाखाली गाडी आली. पाटीवर 'जादा'. जत्रेला सोडतात तशी. त्यानंतर रोज आली, महिनाभर, रोज जादा. चाचांनी मला एकच काम दिलं होतं: "रोज मोज. सातही वार. शुक्रवार पण लिही, लपवू नको. खोटं आपण नाय करायचं, त्यासाठी ऑफिस हाय." मी रोज मोजलं. वहीत वार, बसलेले, उभे. कंडक्टर तिकिटाच्या मशीनची चिठ्ठी जोडायला द्यायचा. रंजना वहीवर रेघा मारून द्यायची. तिला माझ्याशी बोलायला पंधरा दिवस लागले.

चाचांना वरून विचारणा आली: रोज जादा गाडी का सोडली, याचा लेखी खुलासा करावा. त्यांनी पानभर जागा असलेल्या कागदावर तीन शब्द लिहिले, 'प्रवासी उभे होते,' आणि सही केली. शिपाई म्हणाला, "चाचा, पेन्शन अडकवतील." चाचा म्हणाले, "अडकवू दे. तिला पण बसायला जागा नसेल."

सुनावणी तालुक्याच्या सभागृहात झाली. पाड्यातल्या बायांचा हरकतीचा अर्ज होता, त्यावर पहिली सही रंजनाची, बाकी बरेचसे अंगठे. मी साहेबांच्या मागच्या रांगेत, गळ्यात ओळखपत्र घालून, त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसले होते. चाचा रजा टाकून आले होते आणि दाराशी उभे होते. अर्ज वाचला गेला. साहेब उठले आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "स्थानिकांच्या भावना आम्ही समजू शकतो. परंतु मोजणी शास्त्रीय पद्धतीनं झालेली आहे."

मी चाचांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते काहीतरी खूण करतील. ते छताच्या पंख्याकडे बघत होते, जणू मला ओळखतच नाहीत. मी उठले. "ती मोजणी मी केली आहे," मी म्हटलं. "ती शुक्रवारी केली."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी साहेबांकडे पाहिलं. आणि साहेब, ज्यांनी भिवंडीच्या आराखड्यावर आठ महिने काम केलं होतं, वळून मला हळूच विचारते झाले, "शुक्रवारी काय असतं?"

मग मागून एक कांडीवाली मावशी म्हणाली, "आरं देवा, याला वार बी ठावं न्हाय," आणि सगळे हसले. मी वही पुढे नेऊन ठेवली. अधिकारी बाईंनी पानं उलटली, शुक्रवारचं पान नीट पाहिलं, आणि फेरमोजणी होईपर्यंत गाडी चालू ठेवण्याचा शेरा दिला. फेरमोजणी बुधवारी झाली. सहा दहाची गाडी पाटीवरच्या 'जादा'शिवाय वेळापत्रकात परत आली.

माझं कंत्राट त्या महिन्याअखेर संपलं आणि वाढवलं गेलं नाही. साहेबांनी निरोपाला हात मिळवला आणि म्हणाले, "तुमच्यात निष्ठा कमी पडली." मी त्यांचे आभार मानले. नोकरी देणाऱ्याचे आभार मानावेत, असंच मला शिकवलं आहे. त्यांचा आराखडा पुढे मंजूर झाला. त्यात इतर किती शुक्रवार आहेत ते मला माहीत नाही.

नव्या वेळापत्रकाची प्रत मी चाचांना नेऊन दाखवली. चष्मा लावून त्यांनी आमची ओळ शोधली. "एवढ्या एका ओळीसाठी एवढं शास्त्र?" म्हणाले आणि प्रत मला परत दिली. शाबासकी त्यांनी दिली नाही. मीही अपेक्षा केली नाही. सहा दहाच्या गाडीत चौदा माणसं लिहिणारीला कसली शाबासकी?

ते निवृत्त झाले. निरोप समारंभात माइक हातात दिला तर म्हणाले, "भाषण करणाऱ्यांनी लवकर आटपावं, फलाट अडतो," आणि माइक ठेवून निजामपुऱ्याला चालत गेले. वर्षभरात गेल्याचंच कळलं. मला दोन दिवस उशिरा समजलं, मातीला जाता आलं नाही.

पण त्याआधी एका सकाळी, निवृत्तीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, ते आमच्या गाडीत होते. आदल्या संध्याकाळी वज्रेश्वरीला नातेवाइकांकडे आले होते म्हणे. पिंपळाखाली गाडी वळली आणि आम्ही सगळे चढलो तर मागच्या दाराशी चाचा, साध्या पांढऱ्या शर्टात, दांडीला धरून उभे. खाकीशिवाय ते एकदम लहान वाटले. कंडक्टरला त्यांनी तिकीट मागितलं. तो लाजला, "चाचा, तुमच्याकडून काय घ्यायचं?" तर म्हणाले, "मशीन काढ. फुकटा माणूस मोजणीत येत नाय."

रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला त्यांचा गुडघा वाकत होता आणि ते ओठ दाबत होते. पिंपळापाशी एकजण उतरला म्हणून रंजनाला खिडकीजवळ जागा मिळाली होती. ती ताडकन उठली. "चाचा, बसा ना इथं."

"बस खाली."

"अहो पण तासाभराचा रस्ता आहे."

"म्हणून तर," ते तिच्यावर खेकसले. "आज बुधवार हाय. मला बसायला जागा मिळाली तर तुझ्या ताईची वही खोटी ठरेल."

भिवंडीपर्यंत ते उभेच आले.